पेपरनं सांगितलं म्हणून कुणी मत देतं का? (आयोवातून, अमेरिकी प्रायमरीबद्दल)

मक्याचं_कणीस

इथे रद्दीवाला नाही, त्यामुळे जुने पेपर बेसमेंटमध्ये साठत जातात आणि दर दोन-तीन वर्षांनी मलाच ते बाहेर काढावे लागतात. परवा त्या ढिगात आमच्या आयोवातल्या 'डि मॉइन रजिस्टर' या पेपरचा जानेवारी २०२० च्या शेवटच्या रविवारचा अंक सापडला. अग्रलेखात डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी एलिझाबेथ वॉरनना पाठिंबा. कॉकस (पक्षाचा उमेदवार निवडायला मतदार जमतात ती सभा, आयोवाची प्रायमरीच म्हणा) आठवड्यावर आला होता, सकाळपासून रात्रीपर्यंत दारावरची बेल वाजत होती, आणि 'रजिस्टर कुणाचं नाव घेणार' हा आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावरचा विषय होता. मग कॉकस झाला. वॉरन तिसऱ्या आल्या. पुढे पक्षाचं तिकीट मिळालं ते इथे चौथ्या आलेल्या जो बायडेनना.

तो अंक हातात धरून पायरीवर बसलो आणि वाटलं, एवढा खटाटोप करून या अग्रलेखानं साधलं काय?

ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथल्या पेपरात बातम्या देणारे वेगळे आणि अग्रलेख लिहिणारं मंडळ वेगळं. हे मंडळ उमेदवारांना बोलावतं, तास-दीड तास समोर बसवून प्रश्न विचारतं, मग आपापसात वाद घालून एक नाव ठरवतं आणि 'आमच्या मते हा उमेदवार योग्य, कारण असं असं' असं उघडपणे छापतं. त्याला एंडोर्समेंट म्हणतात. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत त्याचा फार उपयोग होत नाही असं माझं मत. तिथे लोक पक्ष बघून शिक्का मारतात. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मात्र सगळे एकाच पक्षाचे. ताटात सात भाज्या, सातही वांग्याच्या. कुठली घ्यावी हे ठरवताना कुणीतरी चाखून सांगितलेलं बरं वाटतं. त्यामुळे एंडोर्समेंटला कुठे किंमत असलीच तर ती प्रायमरीत.

आता रजिस्टरचा हिशेब पाहा. कॉकससाठी नाव सुचवण्याची त्यांची प्रथा १९८८ पासूनची. त्या वर्षी रिपब्लिकन बाजूला बॉब डोल, ते जिंकले. डेमोक्रॅटिक बाजूला पॉल सायमन, ते दुसरे. २००० मध्ये बिल ब्रॅडली, हरले. २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स. हे खरं गाजलेलं प्रकरण. एडवर्ड्स तोवर मागे रेंगाळत होते. हवा हॉवर्ड डीन यांची होती आणि अल गोर यांनीही डीनना पाठिंबा दिलेला. कॉकसच्या आठवडाभर आधी रजिस्टरनं एडवर्ड्सचं नाव घेतलं आणि निकालात जॉन केरी ३८ टक्के, एडवर्ड्स ३२, डीन १८. 'रजिस्टरनं एडवर्ड्सना उठवलं' ही आख्यायिका तेव्हापासूनची.

आख्यायिका म्हणतोय, कारण चार वर्षांनी याच पेपरनं त्याच एडवर्ड्सना बाजूला सारलं. २००४ मधला आशावादी माणूस आता दिसत नाही, उद्योगांविरुद्धची भाषा फार कडवट झालीय, असा त्यांचा सूर होता. पाठिंबा मिळाला हिलरी क्लिंटनना. आणि गंमत म्हणजे दोनच आठवड्यांत रजिस्टरचाच जनमत पोल आला, त्यात ओबामा ३२, हिलरी २५. निकाल : ओबामा ३८, एडवर्ड्स ३०, हिलरी २९. म्हणजे एकाच पेपरच्या आतल्या पानानं सांगितलं 'यांना द्या' आणि पहिल्या पानानं सांगितलं 'लोक यांना देणार नाहीयेत'. मला पेपरचं हे रूप फार आवडतं. बातमीवाल्यांनी अग्रलेखवाल्यांची भीड ठेवली नाही.

तर विचारायचं एवढंच : तुमच्या राज्यात, तुमच्या अनुभवात, पेपरच्या शब्दावर कुणी मत बदललेलं पाहिलंय का?

---

तिरकस_आजोबा

धागा वाचनीय. पण मुळात पेपरनं हे करावंच का? बातमी द्यावी, गप्प बसावं. 'आम्ही निःपक्षपाती' म्हणायचं आणि 'अमक्याला द्या'ही म्हणायचं, हे सोवळ्यात चहा पिण्यासारखं झालं. आमच्या वेळी पुण्यात कुठला पेपर कुणाचा हे लोक मथळ्यावरून ओळखायचे, छापून सांगायची गरज पडत नसे.

---

मक्याचं_कणीस

आजोबा, तुम्ही म्हणता तेच माझं उत्तर. मथळ्यावरून ओळखावं लागायचं! इथे निदान सही करून लिहितात. कारणं दिलेली असतात, ती चुकीची ठरली तर चार वर्षांनी माझ्यासारखा कुणीतरी बेसमेंटमधून अंक काढून दाखवतो.

---

खारी_बिस्किट

@तिरकस_आजोबा, छुप्या पाठिंब्याचं काय होतं ते आपण २००९ च्या विधानसभेनंतर पाहिलंय. एकच मजकूर, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावानं. पेड न्यूज हा शब्द तेव्हा घराघरांत पोचला, प्रेस कौन्सिलनं चौकशी समिती नेमली. त्यापेक्षा उघड पाठिंबा शंभर पट बरा.

बाकी संपादक आणि राजकारणी वेगळे असावेत ही अपेक्षाच नवी आहे. केसरीचे संपादक कोण होते? आणि अमेरिकेतही तेच. 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे होरेस ग्रीली १८६० साली शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनात चक्क प्रतिनिधी म्हणून बसले होते, तेही ऑरेगनतर्फे, आणि उमेदवारी मागणाऱ्या आपल्याच राज्याच्या सुअर्डना पाडायला झटत होते. सुअर्ड पडले, लिंकन आले. पुढे १८७२ मध्ये ग्रीली स्वतः राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहून सपाटून हरले. १९२० मध्ये तर दोन्ही प्रमुख उमेदवार, हार्डिंग आणि कॉक्स, ओहायोतले पेपरमालक. तिथे एंडोर्समेंटचा प्रश्नच नव्हता, घरचाच पेपर.

---

हडसनकाठचा

न्यू जर्सीहून हजेरी. २०२० चा विषय निघालाय तर न्यूयॉर्क टाइम्सचा तमाशा विसरून कसं चालेल?

त्यांनी त्या वर्षी सगळं उघड करायचं ठरवलं. उमेदवारांच्या मुलाखती शब्दशः प्रसिद्ध केल्या, शेवटची निवड टीव्हीवरच्या कार्यक्रमात दाखवली. १९ जानेवारीच्या रात्री आम्ही चहा करून बसलो होतो. आणि नाव आलं... दोन नावं आली! वॉरन आणि एमी क्लोबुचर. पक्षात एक वाट आमूलाग्र बदलाची आणि एक सबुरीची, दोन्ही वाटांवरचा सर्वात चांगला प्रवासी आम्ही सांगतो, असा साधारण युक्तिवाद. बायको म्हणाली, 'मत एकच देता येतं हे यांना कुणी सांगितलं नाही का?' दीड महिन्यात दोघीही शर्यतीबाहेर.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बायडेन डिसेंबरात मुलाखतीला टाइम्सच्या इमारतीत गेले, तेव्हा लिफ्टमध्ये तिथली सुरक्षा कर्मचारी त्यांना म्हणाली, 'मला तुम्ही आवडता.' कॅमेरा चालू होता. वरच्या मजल्यावर मंडळानं त्यांना नापसंत केलं, लिफ्टमधल्या बाईनं पसंत केलं. ऑगस्टमध्ये पक्षाच्या अधिवेशनात बायडेन यांचं नाव औपचारिकपणे सुचवण्याचा पहिला मान पक्षानं त्याच बाईंना दिला. संपादक मंडळावर इतकी शांत टपली मी दुसरी पाहिली नाही.

---

गवती_चहा

हडसनकाठचा, लिफ्टचा किस्सा लाजवाब. पण बायडेनना जिंकून देणारा पाठिंबा तिसराच होता, साउथ कॅरोलायनाचे खासदार जिम क्लायबर्न यांचा. २६ फेब्रुवारीला त्यांनी नाव घेतलं, २९ ला तिथल्या प्रायमरीत बायडेन ४८ टक्क्यांच्या पुढे. जिथे लोकांचा माणसावर वर्षानुवर्षांचा विश्वास असतो तिथे शब्दाला वजन येतं. अग्रलेखाला चेहरा नसतो.

अभ्यासाच्या बाजूनंही थोडं. चिआंग आणि नाइट या दोन अर्थतज्ज्ञांचा २०११ मधला शोधनिबंध या विषयावर नेहमी दाखवला जातो. त्यांनी २००० आणि २००४ च्या निवडणुकांत पेपरचा पाठिंबा छापून येण्याआधी आणि नंतर वाचकांचा कल कसा बदलला ते पाहिलं. निष्कर्ष असा की परिणाम होतो, पण पाठिंबा अनपेक्षित असेल तर जास्त. डावीकडे झुकलेल्या पेपरनं डेमोक्रॅटला पाठिंबा दिला तर वाचक खांदे उडवतो, उजवीकडच्या पेपरनं दिला तर दोनदा वाचतो. अर्थात हे मुख्य निवडणुकीबद्दल. प्रायमरीत 'अनपेक्षित' ठरवायचं कशावरून, हा कणीस यांच्या वांग्याच्या सात भाज्यांचाच प्रश्न.

---

रेघोट्या

धाग्यात अजून मालकाचं नाव कसं निघालं नाही?

डिसेंबर २०१५ मध्ये 'लास व्हेगस रिव्ह्यू-जर्नल' विकला गेला. कुणी घेतला ते सांगेनात. शेवटी त्याच पेपरच्या वार्ताहरांनी शोधून काढलं की कॅसिनोवाले शेल्डन एडल्सन यांच्या घराण्यानं घेतलाय. दोन महिन्यांत नेवाडाच्या कॉकससाठी पाठिंबा मार्को रुबियोंना. सोबत खुलासा, की मालकांचा या निर्णयाशी संबंध नाही. कॉकस ट्रम्प यांनी ४६ टक्क्यांनी मारला. नोव्हेंबरात त्याच पेपरचा पाठिंबा ट्रम्पना.

आणि एप्रिल २०१६ मध्ये 'न्यूयॉर्क ऑब्झर्व्हर'नं प्रायमरीसाठी ट्रम्पना पाठिंबा दिला. मालक कोण? जावई जॅरेड कुशनर. सासऱ्यांचा मान राखला, दुसरं काय. 'न्यूयॉर्क पोस्ट'नंही त्याच आठवड्यात दिला. बाकी बहुतेक मोठे पेपर त्या प्रायमरीत ट्रम्पविरोधात होते आणि त्यांच्या विरोधाचं काय झालं ते जगानं पाहिलं.

---

हडसनकाठचा

टाइम्सनं २०१६ मध्ये रिपब्लिकन बाजूला जॉन केसिक सुचवले होते. केसिक जिंकले फक्त स्वतःच्या ओहायोत. टाइम्सनं रिपब्लिकन प्रायमरीत कुणाला आशीर्वाद देणं म्हणजे मुंज्यानं बारशाला येणं. २००८ मध्ये मॅकेनना दिला होता, आणि त्याच अग्रलेखात आपल्याच शहराच्या माजी महापौरांना, जुलियानींना, इतकं सोललं होतं की पाठिंब्यापेक्षा ते सोलणंच लोकांच्या लक्षात राहिलं.

---

निव्वळ_वाचक

एक शंका. २००८ मध्ये टाइम्सनं मॅकेनना पाठिंबा दिला म्हणता, मग नोव्हेंबरात ओबामांना कसा?

---

मक्याचं_कणीस

@निव्वळ_वाचक, प्रायमरीतला पाठिंबा म्हणजे 'या पक्षाच्या उमेदवारांत हा बरा'. मुख्य निवडणुकीत पुन्हा नव्यानं ठरवतात. टाइम्सनं जानेवारीत डेमोक्रॅटिक बाजूला हिलरी सुचवल्या होत्या, त्या हरल्या, मग नोव्हेंबरात ओबामा. 'लॉस एंजेलिस टाइम्स'नं मात्र प्रायमरीतच ओबामा आणि मॅकेन ही दोन्ही नावं घेतली. १९७२ मध्ये निक्सनना पाठिंबा देऊन हात पोळल्यावर त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या फंदात पडणंच सोडलं होतं, ते छत्तीस वर्षांनी परत सुरू केलं. आणि कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटिक बाजूला जिंकलं कोण? हिलरी.

आता न्यू हॅम्पशायरबद्दल लिहितो, कारण त्याशिवाय हा धागा अपुरा आहे. मँचेस्टरचा 'युनियन लीडर'. विल्यम लोब नावाचे मालक-प्रकाशक, पहिल्या पानावर अग्रलेख, आणि भाषा अशी की आपल्याकडचे जुने संपादकही जरा दचकले असते. पाठिंबा देण्यापेक्षा पाडण्यात त्यांना जास्त रस. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारांत एडमंड मस्की आघाडीवर होते. लोबनी एक पत्र छापलं, त्यात मस्कींनी फ्रेंच-कॅनेडियन लोकांच्या टिंगलीला हसून दाद दिल्याचा आरोप. ते पत्र बनावट होतं, त्याचे धागे नंतर निक्सनच्या माणसांच्या उचापतींशी जुळले. वर मस्कींच्या बायकोबद्दलही काहीबाही छापलं. मस्की बर्फात, पेपरच्या ऑफिससमोर ट्रकवर उभे राहून लोबना भित्रा म्हणाले, बोलताना आवाज फुटला. वार्ताहरांनी लिहिलं रडले, ते म्हणाले बर्फ वितळत होता. प्रायमरी त्यांनी ४६ विरुद्ध ३७ नं जिंकली. शेजारच्या मेनचा माणूस, अपेक्षा मोठ्या, म्हणून जिंकूनही हरल्यात जमा. दुसरे आलेले जॉर्ज मॅकगव्हर्न पुढे गेले.

पाडता आलं, पण निवडून आणता? १९९६ मध्ये युनियन लीडरनं पाठिंबा दिलेले पॅट बुकॅनन न्यू हॅम्पशायर जिंकले, हे खरं. पण २०१२ ला न्यूट गिंग्रिच, ९ टक्क्यांच्या आसपास. २०१६ ला क्रिस क्रिस्टी, ७ टक्के, सहावे. वर क्रिस्टींनी महिन्याच्या आत ट्रम्पना पाठिंबा दिला, तेव्हा प्रकाशकांनी आमचं चुकलं असं सरळ लिहून टाकलं. तेवढ्यासाठी मी त्यांना गुण देतो.

---

गवती_चहा

'पाडता येतं' याला आणखी एक पुरावा. डिसेंबर २००७ मध्ये 'कॉन्कॉर्ड मॉनिटर'नं मिट रॉम्नींविरुद्ध अग्रलेख लिहिला. आधी कुणाला द्या हे नाही, कुणाला देऊ नका एवढंच. रॉम्नी शेजारच्या मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर, न्यू हॅम्पशायर घरचंच मैदान, तरी मॅकेनकडून ३२ विरुद्ध ३७ नं हरले. युनियन लीडरही मॅकेनच्या मागे होता, त्यामुळे श्रेय एकट्या मॉनिटरला देता येणार नाही.

---

डेट्रॉइटची_सून

इथे मिशिगनमध्ये आमच्यासाठी जवळचं उदाहरण म्हणजे श्री ठाणेदार. विषय राष्ट्राध्यक्षपदाचा नाही, पण प्रायमरीचाच आहे म्हणून लिहिते. बेळगावात वाढलेला मराठी माणूस २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरला. स्वतःचे भरपूर पैसे, टीव्हीवर जाहिरातींचा मारा. आमच्या मंडळाच्या गणपतीत निम्मे लोक 'आपला माणूस' म्हणत होते, निम्मे 'आपला असला म्हणून काय' म्हणत होते. ते तिसरे आले, ग्रेचन व्हिटमर जिंकल्या. २०२२ मध्ये मात्र डेट्रॉइटच्या काँग्रेसच्या जागेसाठी गर्दीच्या प्रायमरीत तेच जिंकले, पक्षातले स्थानिक वजनदार लोक दुसऱ्याच्या मागे असताना.

माझ्या सासूबाई मतदानाला जाताना पेपरचं कात्रण नेतात, पण ते न्यायाधीश आणि शाळा मंडळासाठी. म्हणतात, वरच्या खुर्चीचं मला कळतं, खालच्या नावांसाठी पेपर लागतो.

---

हडसनकाठचा

@डेट्रॉइटची_सून, तुमच्या सासूबाईंचं शंभर टक्के पटलं. २०२१ ची न्यूयॉर्कच्या महापौरपदाची प्रायमरी : कॅथरिन गार्सिया पोलमध्ये कुठेतरी तळाला. टाइम्सनं मे महिन्यात पाठिंबा दिला आणि शेवटी एरिक अॅडम्सकडून त्या फक्त ७,२०० च्या आसपास मतांनी हरल्या. लोकांना उमेदवार माहीत नसतो तेव्हाच पेपर कामाला येतो.

आणि नेमकं तेच टाइम्सनं ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं! न्यूयॉर्कमधल्या निवडणुकांत पाठिंबा देणार नाही, राष्ट्राध्यक्षपदासाठी देऊ. जिथे उपयोग तिथे बंद, जिथे वाचकाचं आधीच ठरलेलं तिथे चालू. २०२५ च्या महापौर प्रायमरीत मग नाव सुचवलं नाही, उमेदवार ममदानींना मात्र मतपत्रिकेवरच्या पसंतीक्रमाच्या यादीत घेऊ नका असा सल्ला दिला. ममदानी जिंकले. 'पाडता येतं' वाल्यांनी नोंद घ्यावी.

---

रेघोट्या

बंद करण्यामागची कारणं सगळ्यांचीच पवित्र नसतात. २०२२ मध्ये ऑल्डन ग्लोबल कॅपिटल या गुंतवणूक कंपनीच्या पेपरांनी राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर आणि सेनेटसाठी पाठिंबा देणं थांबवलं. शिकागो ट्रिब्यून आणि डेन्व्हर पोस्ट त्यातलेच. मग २०२४ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट. कमला हॅरिस यांच्या बाजूचा अग्रलेख तयार, आणि मतदानाला अकरा दिवस उरले असताना प्रकाशकांनी जाहीर केलं की यापुढे राष्ट्राध्यक्षपदासाठी कुणालाच पाठिंबा नाही. मालक जेफ बेझोस. अडीच लाखांवर वर्गणीदार गेले. लॉस एंजेलिस टाइम्समध्येही मालकानं अडवलं, संपादकीय पानाच्या प्रमुख राजीनामा देऊन बाहेर पडल्या.

अग्रलेखानं मतं हलत नाहीत म्हणता ना? मग अग्रलेख न छापल्यावर अडीच लाख लोक का उठून गेले?

---

तिरकस_आजोबा

रेघोट्या, हा मुद्दा बिनतोड. माझं पहिलं मत अर्धं मागे घेतो. पेपरनं बोलू नये असं अजूनही वाटतं, पण बोलायला तोंड उघडल्यावर मालकानं हात ठेवला तर ते त्याहून वाईट.

उरलेलं अर्धं कायम आहे.

---

मक्याचं_कणीस

आजोबा, अर्धं पुरे!

अडीच लाखांबद्दल माझा तर्क असा : ते लोक कुणाला मत द्यायचं हे विचारायला पोस्ट घेत नव्हते. त्यांचं ठरलेलंच होतं. त्यांना हे बघायचं होतं की आपला पेपर मालकाला न विचारता बोलतो की नाही.

---

निव्वळ_वाचक

मूळ प्रश्न राहिलाच. कणीस, तुम्ही स्वतः आयोवात पेपरमुळे मत बदललेलं कुणी पाहिलंत का?

---

मक्याचं_कणीस

एक जण. किंवा अर्धा जण.

२०२० मध्ये आम्ही ग्रीनकार्डवाले, मत नव्हतं, पण कॉकस बघायला बसू देत. शाळेचं जिम, प्रत्येक उमेदवाराचा एकेक कोपरा, लोक आपापल्या कोपऱ्यात उभे. एका कोपऱ्यात पंधरा टक्के माणसं जमली नाहीत तर त्या गटाला मोडून दुसरीकडे जावं लागायचं. आमच्या शेजारच्या आजी, निवृत्त शिक्षिका, रजिस्टरचा तो अग्रलेख कापून पर्समध्ये घेऊन आल्या होत्या. मला वाटलं, ह्या सरळ वॉरनकडे जाणार. तर गेल्या क्लोबुचरकडे. म्हणाल्या, अग्रलेख चांगला लिहिलाय, पण मिनेसोटावाली शेजारची आहे.

आमच्या केंद्रावर क्लोबुचरचा गट दोन-तीन माणसांनी कमी पडला आणि मोडला. आता चारही बाजूंनी लोक आजींना हाका मारू लागले. बुटिजेजवाल्या एका तरुणानं बिस्किटंही पुढे केली. आजींनी पर्स उघडली, कात्रण काढलं, चष्मा लावून उभ्या-उभ्या पुन्हा वाचलं, घडी घालून ठेवलं आणि वॉरनच्या कोपऱ्यात गेल्या.

गाडीत बसल्यावर मी विचारलंच, शेवटी पेपरचं ऐकलंत तर?

म्हणाल्या, 'अरे, त्या कोपऱ्यात खुर्च्या होत्या.'